चांदी

सूपाच्या खोल बशीत कोमट पाणी,
त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब,
आणि लुबोरने रोखून धरलेला श्वास.
मी दारातून विचारते, बशी परत कधी मिळेल?
तो बोट वर करतो.
म्हणजे, बोलू नकोस.

चाळीस सेकंद मोजायचे.
मग कागदावरून डीकॅल सुटतं, सरकतं
सायीसारखं.
निदान तसं व्हायला हवं.
काल पहिला लाल-पांढरा-निळा गोल पाण्यात शिरला
आणि त्याचे अकरा तुकडे झाले.
मोजले त्याने. मोजतोच तो.

आमच्या लग्नाच्या वर्षीचा हा खोका,
पोटमाळ्यावर राहिलेला.
विमानाचं प्लॅस्टिक ठणठणीत,
डीकॅलचा कागद मात्र पिवळा, जुन्या दातांसारखा.
तीन आठवडे तो स्वयंपाकघराच्या काचेवर चिकटवला होता,
उन्हाने उजळावा म्हणून.
प्शेरोवमध्ये. नोव्हेंबरात.
मी भांडी घासता घासता
आकड्यांच्या फटीतून बस गेली का ते बघायचे.

काल रात्री त्याने सगळ्या कागदावर पारदर्शक वार्निशचा हात फिरवला,
आणि आज गोल अखंड उतरला पंखावर.
वाळला,
आणि धरली चांदी.

लोकांची चांदी होते ती वेगळी.
ही म्हणजे खरखरीत रंगावर पातळ पापुद्रा टेकतो,
खाली हवा अडकते,
आणि दिव्याखाली ती कडेकडेने चमकून
चहाडी करते, की हे चिकटवलेलं आहे.
"आधी ग्लॉस मारून घ्यायला हवा होता," तो म्हणतो.
अडतीस वर्षं ऐकतेय,
या ना त्या बाबतीत,
आधी काय करायला हवं होतं ते.

मग माझी शिवणाची सुई. टोच, टोच, टोच.
मग माझ्या काकड्यांच्या लोणच्याचं व्हिनेगर, ब्रशच्या टोकाने.
पापुद्रा सुरकुततो, भाजल्यासारखा दिसतो.
"हात लावायचा नाही," तो स्वतःलाच बजावतो
आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसतो
शाळेतल्या पोरासारखा.
अर्ध्या तासाने बघावं तर
पत्र्याच्या जोडरेषांतसुद्धा रंग उतरलेला.

राहिले शेपटीजवळचे चार आकडे.
तीन आले.
सात त्याच्या अंगठ्याला चिकटला, गुंडाळला,
झटकला तसा उडाला थेट सिंकमध्ये.
नळ मीच सोडला होता.
बराच वेळ आमच्यात काही बोलणं झालं नाही.

मग त्याने सगळ्यात बारीक ब्रश काढला,
त्यातलेही केस उपटत उपटत तीनच ठेवले.
हात थरथरतो त्याचा आताशा,
दुपारच्या गोळीनंतर जरा कमी.
काळा सात. डोकं जाड, पाय डावीकडे घसरलेला.
मी म्हटलं, पूस तो.
नवीन कागद मागव, येझेकचा मुलगा आणून देईल ब्रनोहून.

तेव्हा त्याने सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
जानेवारी, उणे सतरा,
हँगरचं दार अर्धं गोठून अडकलेलं,
हा एकोणीस वर्षांचा,
खऱ्या डेल्फिनवर आकडे रंगवायला उभा.
स्टेन्सिल थंडीने तडकलं, शेवटचा सात हातानेच काढावा लागला.
बोटं बधिर. पाय डावीकडे.
सार्जंट ह्रुश्का आई-बापावरून ओरडला,
पण वैमानिक शिडी चढलासुद्धा.
"अकरा वर्षं उडलं ते तसंच," लुबोर म्हणाला,
"खोक्यातला सात सरळ होता.
चुकलेला तोच."

आणि दुसऱ्या बाजूचा? मी विचारलं.
"तो सरळ. ती बाजू आधी झाली होती."

त्याने चिमट्यात शेवटचा सात धरला,
माझ्या बशीत बुडवला,
आणि मोजायला लागला.
मी नळ घट्ट बंद केला,
वर सिंकच्या भोकावर
चहाची गाळणी ठेवली.